पेनसिल्व्हेनियातल्या रोमन छावणीत, सईला घेऊन

सहलीला लोक हौसेने जातात, आम्ही भीतीपोटी गेलो. २००४ चा मे महिना होता. आमच्या सईची हायस्कूलची शेवटची परीक्षा झाली होती. एका संध्याकाळी वरण वाढून घेता घेता तिने सांगितलं, की कॉलेज नंतर, आधी आर्मी. तिला मेडिक व्हायचं होतं, जखमी सैनिकांवर जागच्या जागी उपचार करणारी. वय सतरा, म्हणून आई-बाबा दोघांच्या सह्या हव्यात. टीव्हीवर तेव्हा रोज बगदाद दिसायचं. माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

महाराज जन्मावेत, पण शेजारच्या घरात, असं आपल्याकडे म्हणतात ना, ते मला त्या दिवशी नीट कळलं. गड-किल्ल्यांच्या गोष्टी तिला झोपताना मीच सांगितल्या. इथल्या मराठी मंडळाच्या गॅदरिंगला फेटा बांधून तिला मावळा मीच केलं आणि सगळ्यात जोरात टाळ्याही मीच वाजवल्या. आता ओरडणार कुठल्या तोंडाने?

माझा नवरा मंदार पुण्याचा. कुठल्याही संकटावर त्याच्याकडे एकच औषध, माहिती! पोरांना ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘एक्स्पोजर’ द्यायचं. त्याने नेटवर शोधून काढलं, की लाँग वीकेंडला हॅरिसबर्गच्या अलीकडे काही हौशी लोक एका मैदानावर रोमन सैन्याची छावणी उभारतात. सैन्य म्हणजे काय ओझं असतं ते बघू दे तिला, भूत उतरेल, असं त्याचं म्हणणं. मी लगेच हो म्हटलं. बुडत्याला काडीचा आधार.

शनिवारी सकाळी कोलंबसजवळच्या आमच्या डब्लिनहून निघालो. जाणार असाल तर रस्ता सोपा आहे. कोलंबसवरून सेव्हंटी ईस्ट हायवे धरायचा, व्हीलिंगचा पूल ओलांडायचा आणि पुढे पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक, म्हणजे टोलचा रस्ता. टोलचं तिकीट जपून ठेवा, हरवलं तर पूर्ण रस्त्याचे पैसे घेतात. सहा-सात तास लागतात. मी दशम्या, तीळकूट आणि दही घेतलं होतं, कारण रेस्ट एरियात आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांना फ्राइजशिवाय काही मिळत नाही. टर्नपाइकवर डोंगरातून जाणारे लांब बोगदे आहेत. एरवी मला मजा वाटली असती, पण त्या दिवशी प्रत्येक बोगद्यात शिरताना मी मागे वळून सईकडे बघत होते. ती कानात इअरफोन घालून शांत बसली होती. मोटेल साठ डॉलरचं, स्वच्छ होतं. झोप मात्र लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच छावणीत पोचलो. गवतावर पार्किंग फुकट, तिकीट माणशी पाच डॉलर, रोख. टोपी आणि पाणी न्याच, सावली नावाला नाही. रांगेत तंबू, लाकडाचा धूर, जात्यावर गहू दळणारी माणसं. लाल अंगरखा घातलेला एक उत्साही गृहस्थ सगळ्यांना माहिती सांगत होता. सुरुवातीला रोमकडे कायमचं सैन्य नव्हतं. ज्याच्याकडे जमीन, त्याला बोलावणं यायचं आणि त्याने ढाल-तलवार घरून आणायची. ऐपत असेल त्याने घोडाही आणायचा. ज्याला काहीच परवडत नाही, त्याने गोफण घेऊन उभं राहायचं. पुढे सरकार हत्यारं द्यायला लागलं, पण त्याचे पैसे पगारातून कापायचं. आठ माणसांना एक तंबू, एक जातं, एक खेचर. ते आठ जण एकत्र जेवायचे, एकत्र झोपायचे आणि बऱ्याचदा एकत्र मरायचे, हेही त्याने हसत हसतच सांगितलं.

मग भरतीचा खेळ झाला. प्रेक्षकांतून कोणीही पुढे या म्हणाले, आणि सई गेली. तिला लोखंडी कड्यांचं चिलखत चढवलं, ते तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. हातात तिच्या खांद्यापर्यंत येणारी ढाल दिली. आता दमेल, असं मंदार माझ्या कानात पुटपुटला. मैदानाला फेऱ्या झाल्या, तिच्याबरोबरची दोन धिप्पाड पोरं हाशहुश करत बाजूला बसली, सई चालतच राहिली. शेवटी शपथ. त्यांची रीत अशी, की एकाने अख्खी शपथ म्हणायची आणि बाकीच्यांनी एकेक करून ‘मलाही तेच लागू’ एवढंच म्हणायचं. सईने ते लॅटिनमध्ये खणखणीत म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उचललेच गेले नाहीत.

मी तिथून उठून एका छपराखाली जाऊन बसले. तिथे कॅरल नावाची बाई दोन पकडी घेऊन चिलखत विणत होती. एकेक कडी चार कड्यांत ओवायची, मग पुढची. ती मुलगी तुझी का, असं तिने विचारलं आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. सख्ख्या बहिणीला फोनवर सांगितलं नव्हतं, ते परक्या बाईला सांगितलं! तिचा मुलगा इराकमध्ये होता. त्याच्या बुलेटप्रूफ जाकिटाला छातीवर गोळी अडवणाऱ्या प्लेट्स मिळाल्या नव्हत्या, म्हणून तिने स्वतः विकत घेऊन पोस्टाने पाठवल्या. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. एवढा श्रीमंत देश आणि चिलखत आईने पाठवायचं? कॅरलने मान न उचलता पकडीने मैदानाकडे खूण केली. “दे कॉल हिम, द फॅमिली इक्विप्स हिम. सेम ॲज दीज गाइज.” त्याला जाऊ दिल्याचा पस्तावा होतो का, असं मी विचारलं. तो एकोणीस वर्षांचा होता, मला कोणी विचारलंच नाही, म्हणाली.

सोमवारी परतताना मी मागच्या सीटवर सईशेजारी बसले. बोगद्यात शिरल्यावर, तिचा चेहरा दिसत नव्हता तेव्हा, मी विचारलं, तुला भीती नाही वाटत?

“वाटते, आई. खूप वाटते.” मग थोडं थांबून म्हणाली, “यू टोल्ड मी ऑल दोज स्टोरीज. डिड यू थिंक दे वेअर अबाउट अदर पीपल्स किड्स?”

मंदारने आरशातून माझ्याकडे बघितलं.

मी सही केली नाही, मंदारनेही नाही. सई भांडली नाही, अठरा पूर्ण व्हायची वाट बघत राहिली आणि ऑक्टोबरमध्ये स्वतःच सही करून आली. त्याला आता वर्ष होत आलं. तिचं ट्रेनिंग झालंय, तिची तुकडी लवकरच इराकला निघेल. मंडळात मी आजवर सांगत आले, की सई बाहेरगावी शिकते. मैत्रिणींनो, आता कळलं तुम्हाला, रागावू नका. भीती बोलून दाखवली तर ती खरी होईल, असं वाटायचं.

ही सहल करावी का, असं विचाराल तर जरूर करा, मुलांना आवडेल. भूत उतरवायला मात्र जाऊ नका.

काल मी कॅरलने सांगितलेल्या, तसल्या प्लेट्स आणि जाकिटं विकणाऱ्या दुकानात फोन केला. सईला आर्मीकडून तिच्या मापाचं जाकीट मिळेल असं तिच्या तुकडीचे साहेब म्हणालेत, पण माझा जीव राहीना. दुकानदाराने विचारलं, मुलाचं माप काय? मी म्हटलं, मुलगा नाही, माझी मुलगी सैन्यात आहे. एवढं वाक्य मी पहिल्यांदाच कोणापुढे बोलले. त्याने छाती, खांदा, कंबर विचारली. मी घडाघडा सांगितली, तिचे दिवाळीचे कपडे मीच शिवते. थोडं सैल ठेवू का, म्हणाला.

मी म्हटलं, नको. कुठेच फट राहायला नको.