खिळ्यांचा पट्टा

हिर्डोशीच्या वरच्या माळावर एक म्हातारा धनगर मला नेहमी भेटे. बिबट्या कुत्र्याचा गळाच धरतो, म्हणून त्याने आपल्या कुत्र्यासाठी जुन्या मोटेच्या कातड्याचा पट्टा करून बाहेरून खिळे बसवले होते. आतून मात्र घोंगडीचा मऊ तुकडा शिवला होता. रोज सकाळी पट्टा काढून तो कुत्र्याचा गळा बोटांनी चाचपे आणि काचलं असेल तिथे करंजेल लावी.

मी एकदा म्हणालो, "मामा, पट्टा म्हणजे गुलामीच."

तो हसला. "दोर कुठं हाय त्याला, लेका?"

एका दुपारी शिकारीला आलेल्या साहेबाचा शिपाई वर आला. बिबट्याला आमिष म्हणून झाडाला बांधायला त्याला हेच कुत्रं हवं होतं. नाही म्हणणाऱ्याची चराई बंद होई.

धनगराने आवाज चढवला नाही. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नीट बसवून तो म्हणाला, "चला. दोर लांब घ्या, संगं मलाबी बांधा."

"येडा हाईस का?"

"आसंन. पर त्यो एकटा न्हाई बसायचा."

शिपाई घुटमळला आणि शिव्या देत उतरून गेला.

वेठीविरुद्ध सभा गाजवणारा मी तिथेच बसलो होतो. एक शब्दही बोललो नव्हतो. धनगराने मला त्याबद्दल कधीच विचारलं नाही.