मधली दोन मिनिटं

तुळशीची लग्नं लागली की मुरबाडच्या आमच्या गोदामाचं शटर वर जातं आणि पावसाळाभर झाकून ठेवलेल्या स्पीकरच्या पेट्यांवरची ताडपत्री निघते. तेव्हा एक वास येतो. दमट प्लायवूडचा, कोपऱ्यात साठलेल्या उंदरांच्या लेंड्यांचा, आणि अँप्लिफायर तापायला लागला की आतली धूळ करपते तिचा. गेली तीसेक वर्षं हा वास मला लग्नसराईची वर्दी देत आलाय. परवा भाच्याने सेट जोडला, धंदा आता तोच बघतो. मी बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो. वास नाकात गेला आणि तीन वर्षांपूर्वीची, ह्याच अंगणातली एक दुपार समोर उभी राहिली. ज्यांना सांगायलाच हवं होतं त्या दोघांपलीकडे तिच्याबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललेलो नाही. बायकोला सांगितलं तेही अर्धंच. आता लिहायला बसलोच आहे, तर पुरतं लिहितो.

आमच्याकडे हळदीला साउंड लागतो, आणि साउंड लावणाऱ्या माणसाच्या कानावर सगळा गाव भरवसा टाकतो. मुरबाड आणि शहापूर, दोन्ही तालुक्यांत नवा सेट घेतला की लोक मला बोलवायचे. मी चाळीस पावलांवर उभा राहायचो, डोळे मिटायचो आणि सांगायचो, डावीकडचा वरचा भोंगा फाटलाय, किंवा खर्ज जास्त झालाय, दोन काटे खाली घ्या. मी म्हणेन ते शेवटचं. वाद नाही. माणसाला अशा मानाची सवय फार लवकर लागते, आणि ज्या गोष्टीमुळे तो मान मिळाला ती आपल्यापाशी अजून आहे की नाही, हे तपासायचं आपण सोडून देतो. मी सोडलं नव्हतं, खरं सांगायचं तर. मला कळत होतं. आधी बायकोच्या पैंजणांचा आवाज गेला. मग भाताच्या खाचरातले रातकिडे गेले. भोंग्यांच्या शेजारी उभं राहून राहून कानातला वरचा भाग झिजत चालला होता. खालचं, जाड, छातीत बसणारं सगळं ऐकू यायचं, बारीक ते पुसलं गेलं होतं. मग मी एक युक्ती धरली. मिक्सरवर आवाजाबरोबर वरखाली होणारे हिरवे दिवे असतात, त्यांच्याकडे बघायचं. शिवाय समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. त्यावर वर्ष-दोन वर्षं निभावून नेलं.

शहापूरला माझा एक जुना मित्र आहे. घराच्या माडीवर, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवून, त्याने रेकॉर्डिंगची खोली केली होती. त्याच्या डोक्यात आलं की आपल्याकडच्या धवल्यांचा आवाज घेऊन एक वेगळं गाणं करावं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावातून त्याने एका धवलारणीला आणलं. लग्नघरी हळद दळण्यापासून वरात निघेपर्यंतची गाणी म्हणायला ज्या बाईला मानाने बोलावतात, ती धवलारीण. ह्या बाईंचं वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काडी, आणि आवाज असा की लांब माळावर धूर उभा राहावा तसा सरळ वर चढायचा. त्यांच्या चार ओळींखाली मित्राने ट्रान्सचा ठोका घातला. हा प्रकार मलाही तेव्हा नवाच होता. एकसारखा, न थकणारा ठोका चालत राहतो, त्याच्यावर सुरांच्या लाटा येतात, आणि मग मध्येच ठोका पूर्ण काढून घेतात. नुसता आवाज अधांतरी राहतो. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागला की ठोका परत येतो आणि नाचणारे सुटतात. ते गाणं आमच्या भागात चाललं, बऱ्यापैकी चाललं. मग मित्राने बाईंचा आवाज तेवढा सुटा करून मोबाइलवरच्या ग्रुपांत टाकला आणि सांगितलं, ज्याला वाटेल त्याने आपल्या परीने गाणं बांधून पाठवा. उत्तम ठरेल ते मूळ गाण्याबरोबर, ज्याने केलं त्याच्या नावाने बाहेर पडेल. पारखायला आम्ही दोघं. तो आणि मी.

अकरा रिमिक्स आले. पेनड्राइव्हवर नुसते आकडे, नावं झाकलेली. आमच्या धंद्याची एक रीत आहे: गाणं खोलीत बसून ऐकायचं नाही, उघड्यावर, पुऱ्या सेटवर लावून ऐकायचं, कारण ते वाजणार मांडवात. त्यामुळे माझ्या अंगणात दुपारी सेट मांडला. बाईंनाही बोलावलं होतं. जांभळीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन त्या बसल्या होत्या. एकेक गाणं झालं की मित्र माझ्याकडे बघायचा. बहुतेकांनी बाईंच्या आवाजाचं भरीत केलं होतं. कुणी इतका चिरका केला होता की पोपट गातोय असं वाटावं. बाई हसून म्हणाल्या, “ही कोन गो बया, मी का?”

सातवं लागलं. सुरुवात बरी होती, ठोका नेमका. मग ठोका निघून गेला, आणि माझ्यापुरतं सगळंच निघून गेलं. काही नाही. मी वाट बघत राहिलो. जांभळीचं पान खाली पडलेलं दिसलं, रस्त्यावरून टेम्पो गेला तो ऐकू आला, पण समोरच्या आठ पेट्यांतून काहीच येत नव्हतं. मी सवयीने मिक्सरकडे बघितलं. हिरवे दिवे हलत होते. बारीक, थरथरते, पण हलत होते.

ही जागा मी मनात पुष्कळदा टाळून पुढे गेलोय, आज टाळत नाही. दिवे हलत होते हे मी पाहिलं. म्हणजे तिथे आवाज होता हे मला माहीत होतं. मित्राच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरत होतं, तेही मला दिसलं. दोन मिनिटांनी ठोका परत आला, गाणं संपलं, आणि मित्र हळूच म्हणाला, हे काहीतरी निराळं आहे. त्याच क्षणी “मला नाही ऐकू आलं रे, परत लाव” एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? धंदा गेला असता, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, फार तर चार लोक हसले असते. मी म्हणालो, “मधली दोन मिनिटं रिकामी आहेत. काम अर्धवट टाकलंय.”

मित्राने बघितलं माझ्याकडे. हलका आवाज आहे, म्हणाला, पण आहे. मी म्हटलं, मांडवात पोचणार नाही तो. तो गप्प झाला. तीस वर्षांच्या कानापुढे तो काय बोलणार?

बोलल्या त्या बाई. “माजा सास हाय त्यात,” म्हणाल्या. “बांगडी पन वाजते. गाताना हात हलतो ना माजा, ती.”

“मावशी, ती स्पीकरची शिट्टी. तुमी चहा घ्या.”

“घेते,” त्या म्हणाल्या. “पन शिट्टी नाय ती.”

पहिलं आलं ते चौथं गाणं. खर्ज भरपूर, छातीत बसणारं. ते मला स्पष्ट ऐकू आलं होतं, दुसरं काय. मित्राचा आग्रह होता की ज्यांचं निवडलं नाही त्यांनाही दोन ओळी लिहून पाठवू, तेवढीच शिकवण. सातव्यासाठीच्या ओळी मी माझ्या हाताने लिहिल्या: मधली दोन मिनिटं रिकामी आहेत. आधी कान तयार करा, मग गाणं. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं. हेही लिहिलंच पाहिजे.

पुढे दोन वर्षांत कान आणखी उतरले, आणि मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. घरच्यांनी कल्याणला नेलं, डॉक्टरांनी आलेख काढला, मधूनच कडा तुटावा तशी ती रेघ खाली गेली होती. कानामागे मशीन आलं. पहिले काही दिवस जग फार खरखरीत वाटलं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकायचो. एक दिवस पेटीत तो पेनड्राइव्ह सापडला. घरात कुणी नसताना मी सातवं लावलं. ठोका निघून गेला. आणि तिथे बाई होत्या. ज्याने हे बांधलं होतं त्याने आवाजाचं सगळं अंग बाजूला काढून नुसती वरची साय ठेवली होती: ओळ सुरू व्हायच्या आधी घेतलेला श्वास, दातांना लागून सुटणारा ‘स’, हात हलला की एकमेकींना टेकणाऱ्या काचेच्या बांगड्या. गाणारी बाई दिसत होती, गाणं नव्हतं. दोन मिनिटं एक म्हातारी श्वास घेत होती, आणि आता गाईल, आता गाईल म्हणून मी अख्खा कान झालो होतो. गाणं संपलं तरी मी बराच वेळ तसाच बसून होतो.

बाईंना सांगायला गेलो असतो, पण त्या आदल्या उन्हाळ्यात गेल्या होत्या. त्यांच्यापुरतं ते राहिलं ते राहिलंच. मित्राला मात्र सगळं सांगितलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, “मला ऐकू येत होतं रे. मी का गप बसलो, त्याचं मी बघतो. तू तिच्याकडे जा.” तिच्याकडे म्हणाला तेव्हा मला कळलं, सातवं गाणं एका बाईने केलं होतं. माहेर खर्डीकडचं, नवरा धरणावर नोकरीला, राहायला भातसानगरच्या वसाहतीत.

भातकापणी उरकली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाऱ्यांची उडवी रचलेली होती. मी मोटारसायकलने गेलो. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. मी कोण ते सांगितलं, तशा त्यांनी मला पायापासून बघत बघत माझ्या कानामागच्या मशीनवर नजर थांबवली.

“मुरबाडचे ते कानवाले ते तुमीच का?” म्हणाल्या. मी हो म्हटलं. “मंग या. हिचे कान तपासून आनलेत आमी, तुमच्यापायी.”

सून तिशीतली होती. पदराला हात पुसत आतून आली, पाणी दिलं, आणि सासूच जास्त बोलत राहिली. ती चिठ्ठी आल्यावर सुनेने ते गाणं घरातल्या प्रत्येकाच्या कानाला हेडफोन लावून ऐकवलं होतं. मला ऐकू येतंय ते तुम्हाला येतं का, का मलाच भास होतोय. कामवालीला ऐकवलं, गॅस सिलिंडर आणणाऱ्याला ऐकवलं. शेवटी नवरा कल्याणला घेऊन गेला. “डॉक्टर मनला, हिला मुंगी चालली तरी ऐकू येईल. तरी हिचा इस्वास बसंना. मी सांगत व्हते, अगो मला येतंय ऐकू, बाई सास घेते नि थांबते. पन सासूचं कोन ऐकतं? मुरबाडच्या मानसानं सांगितलं मंजे खरं.”

कान तपासायला मी जायला हवं होतं. गेली ती. त्यानंतर तिने एकही गाणं बांधलं नव्हतं. लॅपटॉप कपाटावर, गाद्यांच्या मागे होता. मी वाटेत शब्द जुळवत आलो होतो, ते सगळे विसरलो आणि जे होतं ते सांगितलं. मला तेव्हाच ऐकू येत नव्हतं. दिवे हलताना दिसत होते. तरी मी रिकामं म्हणालो. ती खाली बघत होती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिने विचारलं, “आता येतं ऐकू?”

“येतं.”

“मग काका, आता सांगा ना. कसं झालंय ते.”

तोंड भरून स्तुती करावी, म्हणजे माझंही ओझं उतरेल, असा मोह झाला. पण परत एकदा तिला खोटं सांगायला माझी जीभ वळली नाही. मी श्वासाबद्दल बोललो, बांगड्यांबद्दल बोललो, ऐकल्यावर मी बराच वेळ कसा बसून राहिलो ते सांगितलं. आणि मग म्हटलं, “एकच आहे. ठोका परत आणलायस तो लवकर आलाय. शेवटचा श्वास पुरता होत नाही, त्याच्यावर येऊन पडतो. तिथे अजून थांबायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली. “तिथे मी घाबरले होते. कुणाला रिकामं वाटलं तर, म्हणून.”

मी परत निघालो तेव्हा सासूबाई स्टुलावर चढून गाद्या ओढत होत्या आणि सून त्यांना, आई पडाल, म्हणत होती. पुढे काय झालं मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. मूळ गाणं आता कुणी लावत नाही, दर लग्नसराईला चार नवी येतात. डॉक्टर म्हणाले होते, कानात जे झिजतं ते परत उगवत नाही, आहे तेवढं जपा. मी जपतो. आताशा कुणी सेट ऐकायला बोलावलं तर आधी सांगून टाकतो की मशीन असलं तरी मला वरचं पुरतं ऐकू येत नाही, शेजारी कुणाला तरी उभं करा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जीभ जड झाली होती. आता होत नाही. लोकही आता माझ्याकडे बघत थांबत नाहीत, जे ऐकू येतं ते बोलून टाकतात, आणि मी मान डोलवायच्या आधी त्यांना विचारतो, काय ऐकलंत?