पायथ्याशी

परवा धामणगाव बढेला दादाची, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, तेरवी झाली. लोक जेवून गेले. वहिनी रिकाम्या खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती तिथेच का उभी राहते, हे घरातल्यांनाच ठाऊक आहे…

उन्हाळ्यात दादाला झटका आला. मेंदू मानेला मिळतो त्या जागी. हात, पाय, मान, जीभ… सगळं थांबलं. शुद्ध मात्र पूर्ण होती. पापणी एकदा पाडली की हो, दोनदा पाडली की नाही. एवढीच भाषा उरली.

आमच्याकडे घरचं माणूस आजाऱ्याच्या उशाशी बसतं. पायथ्याशी उभा राहतो तो परका. तसं एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वहिनी, उशीला खेटून. भेटायला येणारे दारातून आत आले की पायथ्याशीच थांबायचे. दादा त्यांच्याकडे टक लावून बघायचा.

"ओळखलं बे त्यानं मले!" त्याचा पत्त्यांतला सोबती ओसरीवर येऊन डोळे पुसत म्हणाला. "आता डाव मांडला तरी हरवन मले, चोट्टा."

वहिनी ऐकत होती. तिच्याकडे दादानं एकदाही नजर वळवली नव्हती.

झटका आला त्या सकाळी त्यानं दुसऱ्यांदा चहा मागितला होता, आणि ती खेकसली होती. "तो राग धरला यायनं," ती मला म्हणाली. "दारातल्या माणसाले पाह्यतात. मले काऊन नाही, भाऊजी?"

"चहावरून कोणी रागावते का, येडी!" आई म्हणाली.

तूच विचार ना त्याला, मी वहिनीला म्हटलं.

"अन् हो म्हणाले तं?"

तिनं विचारलं नाही. रोज अंग पुसायची, नळीतून पेज द्यायची, आणि मान खाली घालून बाजूला बसायची…

पुढे त्याचे डोळे लाल झाले. फोनवर व्हिडिओ काढून मी बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंना दाखवायला गेलो. त्यांनी तो दोनदा पाहिला. मग कागदावर डोळा काढला. एका बुबुळाला सहा स्नायू फिरवतात, पापणी उचलणारा सातवा, वेगळा. डावीउजवीकडे बघण्याचा हुकूम मेंदूतून जिथून सुटतो, नेमकी तीच जागा गेली होती. वरखाली बघण्याची आणि पापणी उचलण्याची जागा तिच्या थोडी वर. ती वाचली.

"ते बाजूला बघूच शकत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठे बसता?"

उशाशी, दोन्ही बाजूंना, मी म्हटलं…

डोळ्यांचे थेंब घेऊन घरी आलो. वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतके दिवस यायले मी दिसलेच नाही?"

तोंड पुसताना ती वरून वाकायची, तेवढीच. तेव्हा फडकं त्याच्या डोळ्यांवर असायचं.

ती उठली. पदर सारखा केला आणि खाटेला वळसा घालून पायथ्याशी गेली. सासूसमोर नवऱ्याच्या तोंडासमोर अशी ती कधी उभी राहिली नव्हती. आईच म्हणाली, "आणखी मधात हो. मधात!"

दादाची नजर छतावरून हळूहळू खाली आली. तिच्यावर थांबली.

विचारायचं होतं ते तिनं तेव्हाही विचारलं नाही. सोयाबीन किती वर आलं ते सांगितलं. म्हैस आटली, ते सांगितलं. तो बघत राहिला… पापणी पाडायलाही तयार नव्हता. शेवटी पापणीच आपोआप खाली आली आणि तो झोपला.

वहिनी हलली नाही. "बस आता," आई म्हणाली.

"डोळे उघडले तं समोर कोणी पाह्यजे ना," ती म्हणाली.

त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. जे मिळाले, त्यांत ती त्याला दिसत होती. एवढ्यासाठी त्या डॉक्टरबाईंचे आभार. आधीचे दिवस मात्र कुणाकडे मागायचे, ते कळत नाही…