चुलीखालचा मुरूम

दुसरी मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात माझ्या यजमानांनी नगरच्या एका लिलावातून जुना लेथ घेतला. ते साखर कारखान्यात फिटर होते. श्रीरामपूरच्या आसपास उसाच्या मळ्यांत विहिरींवर तेलाची इंजिनं बसू लागली होती, आणि त्यातलं काही मोडलं की लोकांना थेट पुण्याला जावं लागे. नोकरी सोडून घरीच हे काम करायचं, असं त्यांनी ठरवलं. मी मिशनच्या शाळेत शिकवत होते. घरात आणखी माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणे. उभा जन्म त्यांनी विहिरी खणल्या. आता मोतीबिंदूमुळे त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळे.

लेथ म्हणजे लोखंड कातून नेमक्या मापाचं गोल करणारं यंत्र. आठ माणसांनी तो लाकडी ओंडक्यांवरून सरकवत दारापर्यंत आणला. तिथे तो दोन दिवस पोत्यांखाली तसाच पडून राहिला, कारण जागेवर एकमत होईना. माझं म्हणणं, मागच्या अंगणात छप्पर घालून तिकडे बसवा; घरात तेलाचा वास नको. यजमानांना रस्त्याकडची पडवी हवी होती. गिऱ्हाइकाला यंत्र दिसलं पाहिजे, असं ते म्हणत. मामांना दोन्ही जागा पसंत नव्हत्या.

"दोन्हीकडं काळी हाय," ते म्हणाले. "पावसात फुगती अन् उन्हाळ्यात फाटती. त्या मातीवर जड वस्तू ठिवू नये."

यजमानांनी ऐकून घेतलं, पण पडवीतच कमरेइतका खड्डा घेतला, दगड-चुना भरला आणि लेथ बसवला. उन्हाळाभर काम छान चाललं. वैजापूरकडूनसुद्धा माणसं यायची.

ऑगस्टच्या अखेरीला आठवडाभर पाऊस पडला आणि त्यानंतर काम बिघडू लागलं. कातलेला दांडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघे. यजमानांना आधी स्वतःच्या हाताची शंका आली, मग हत्याराची. एका मळेकऱ्याने पंपाचा दांडा परत आणून ओट्यावर ठेवला. यजमान त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी लेथवर पातळी तपासायची पाणसळ ठेवली, तर तिच्यातला बुडबुडा एका अंगाला गेलेला. खाली पत्र्याच्या पट्ट्या सारून त्यांनी तो मध्यावर आणला. चार दिवसांनी पुन्हा तेच. कारखान्यात परत घेतील का, असंही एकदा त्यांनी मला विचारलं.

मामांनी मात्र पहार मागून घेतली. ती जमिनीवर आपटत, कान देत ते अख्खं घर फिरले. पडवी, मधली खोली, अंगण सगळीकडे आवाज बद्द. स्वयंपाकघरात चुलीशेजारी पहार आपटली तेव्हा मलाही फरक कळला. आवाज खणखणीत होता. मामांनी पुन्हा एकदा आपटून पाहिलं आणि पहार भिंतीला टेकवून ठेवली. जरा वेळाने मागच्या दारी बापलेक बोलत होते, ते मी ऐकलं.

"मुरूम तिथं गुडघ्यावर लागंल," मामा म्हणाले. "पर ती सूनबाईची चूल हाय. तिला सांगू नगंस."

मला त्यांचा राग आला नाही, पण बरंही वाटलं नाही. पूर्वेची खिडकी असलेली ती एकच खोली माझी होती. सकाळी भाकरी थापताना तिथे ऊन यायचं. शाळेत मुलींच्या पाट्या तपासतानाही माझं मन तिथेच घुटमळत होतं. यजमानांनी मागितलं असतं, तर कदाचित मी नाही म्हटलं असतं. ते दोघंही विचारत नव्हते.

रविवारी चर्चहून आल्यावर मी भांडी मधल्या खोलीत नेऊ लागले. फडताळ रिकामं केलं, पाणी मारून विस्तव विझवला. यजमान दारात येऊन उभे राहिले.

"अगं, हे काय चाललंय?"

"पावसाने उघडीप दिलीय," मी म्हटलं. "खणायला घ्या. माझ्यासाठी पडवीत चूल घालून द्या, म्हणजे झालं."

ते पुढे आले आणि माझ्या हातातली घागर त्यांनी घेतली.

मुरूम खरोखरच गुडघ्याइतक्या खोलीवर लागला. मामांना हात धरून खड्ड्यात उतरवलं. त्यांनी बसून तळवा फिरवला, नखाने खरवडून पाहिलं.

"ही भुई हलायची न्हाई," ते म्हणाले.

दारातून लेथ आत जाईना, म्हणून खिडकीखालची भिंत पाडावी लागली. ती पाडताना मी शेजारणीकडे जाऊन बसले. नंतर खिडकी पुन्हा बसवली, पण लहान, आणि तिच्यातून येणारं ऊन यंत्रावर पडे.

चुना सुकल्यावर यजमानांनी पहिला दांडा कातला आणि मापायच्या आधी मामांच्या हातात दिला. मामांनी तो दोन्ही टोकांकडून बोटांनी चाचपला, उलटा करून पुन्हा चाचपला आणि मान हलवली. मापातही तो दोन्हीकडे सारखा भरला. त्याच संध्याकाळी यजमान सायकलवरून त्या मळेकऱ्याकडे नवा दांडा घेऊन गेले.

पुढे कित्येक दिवस पिठाची परात घेऊन मी सवयीने जुन्या स्वयंपाकघरात जात असे. लेथचा फिरणारा पट्टा दिसला की थांबायचे आणि पडवीत परत यायचे. तिथे कामासाठी आलेली दोन-चार माणसं बसलेली असत. ती पाय आखडून घेत, मला वाट देत, आणि मी चहाचं आधण वाढवत असे.