परीक्षेच्या दिवशी गाव गप्प

आमच्या अंगणवाडीत मुलं सेविकेला 'बाई' म्हणतात आणि मदतनिसाला 'मावशी'. मी बरीच वर्षं मावशी होते. सकाळी घरोघर जाऊन मुलं गोळा करायची, नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, आणि बाई मीटिंगला तालुक्याला गेल्या की वर्गही सांभाळायचा. त्यात वाईट काही नव्हतं. पण मला बाई व्हायचं होतं आणि ते मी कुणापासून लपवलं नाही. मी काय चोरी करत होते?

बाई मार्चअखेर निवृत्त होणार होत्या. बारावी मी बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून केली होती, तीही लेक कॉलेजात जायला लागल्यावर. आता बालशिक्षणाचं प्रमाणपत्र हाती पडलं की त्या जागेसाठी माझं पारडं जड होणार होतं. नाही पडलं, तर दुसरी कुणी शिकलेली सून बाई होणार आणि मी मावशीच राहणार. लेखी पेपर झाले होते. उरलं होतं प्रात्यक्षिक. नगरहून परीक्षक येणार, मी मुलांना कशी शिकवते ते बघणार आणि तिथल्या तिथे गुण देणार. त्या दिवशी हुकलं की थेट पुढचं वर्ष.

आदल्या संध्याकाळी भाकरी थापता थापता सासूबाईंना म्हणाले, "उद्या माझी परीक्षा हाय, आपल्या अंगनवाडीत." एवढंच म्हणाले. आणखी दोन वाक्यं बोलले असते तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

सासूबाई मला लग्नापासून 'ए' म्हणतात. 'ए, पाणी आन', 'ए, जेवलीस का?' मायेनंच म्हणतात, पण 'ए'च. परीक्षा म्हणजे त्यांना माहीत होती ती दहावीची. दाराशी पोलीस, आत चिडीचूप आणि खिडकीखाली चिठ्ठ्या घेऊन उभी राहिलेली भावंडं. पहाटे त्या दुधाची किटली घेऊन डेअरीवर गेल्या. सकाळी डेअरीवर निम्मं गाव असतं. तिथं त्यांनी काय हुकूम सोडला, ते मला दोन तासांनी कळलं.

बाई मीटिंगला तालुक्याला गेल्या होत्या. मी ठेवणीतली सुती साडी नेसून अंगणवाडी उघडली. चिंचोके, रंगीत मणी, कापडी बाहुल्या, सगळं चटईवर मांडलं. मग मुलं आणायला निघाले, तर घराघराला कुलूप. देवळाचा भोंगा बंद. पिठाची गिरणी बंद. गिरणीवाला ओट्यावर बसला होता. मला बघून तो हलक्या आवाजात म्हणाला, "करा मावशी निवांत पेपर. आमी कुनी आवाज करनार न्हाई."

"पोरं कुटं हायेत?"

"पोरं? ती कशाला परीक्षेत गलबला करायला? समद्या जनी घिऊन गेल्या कांद्याच्या लागनीला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगायचं तर त्या माणसापुढे रडू फुटेल म्हणून मी तशीच मागं फिरले. अंगणवाडीत परीक्षक मॅडम येऊन पोचल्या होत्या. चापूनचोपून नेसलेली साडी, हातात फाईल. मांडलेल्या चिंचोक्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "मुलं कुठं आहेत?"

मी झालं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मुलंच नसतील तर मी तपासू काय? मला गैरहजर लिहावं लागेल. दुपारी दुसरं केंद्र आहे माझं."

"मॅडम, चालायची तयारी हाय का?" मी विचारलं. "सावड हाय आज. समद्या एकाच वावरात असतील."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजूर शोधत फिरावं लागत नाही. मॅडमनी आधी स्वतःच्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग फाईल काखेत मारून म्हणाल्या, "चला."

ओढा ओलांडून वावराशी गेलो. बायका ओळीनं वाफ्यात बसून रोपं लावत होत्या आणि पोरं बांधावर लिंबाखाली. मला बघताच "मावशी, मावशी" करत सगळी पळत आली. बायका उठायला लागल्या, तेवढ्यात सासूबाईंनी परक्या बाईला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. सगळ्या माना खाली घालून बसल्या. इतक्या बायका एका वावरात आणि कुणी बोलत नाही, असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

चिंचोके मागं राहिले होते. बांधावर कांद्याच्या रोपांच्या जुड्या पडल्या होत्या, त्यातली एक मी सोडली. लांब कुठलं, आखूड कुठलं? जाड कुठलं, बारीक कुठलं? मुलांनी रोपं मोजली, त्यांच्या रांगा लावल्या. एका पोरीनं मातीत रोप उलटंच खोचलं. तिला कुणी हसायच्या आत मी विचारलं, "याचे पाय कुटं हायेत गं?" तिनं मुळं चाचपून पाहिली आणि रोप आपलं आपण सरळ केलं. मग आम्ही जनावरांवर आलो.

"शेळीला पाय किती?"

"चार!" उत्तर आलं ते वाफ्यातल्या एकीकडून.

"कापी करू नगा गं," सासूबाई त्या बाईवर करवादल्या, "माझी पोरगी नापास व्हईल."

मॅडम लिंबाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. माझ्या मात्र मनात 'माझी पोरगी' एवढंच राहिलं आणि पुढचं गाणं मी दोनदा चुकले.

शेवटी मॅडमनी फाईल उघडली आणि सासूबाईंना विचारलं, "आजी, मुलांना इकडं का आणलं?"

"परीक्षेला गलबला नगो म्हनून. गिरनीबी बंद ठिवलीय आमी. लई अभ्यास केलाय तिनं."

मॅडमनी सगळ्या बायकांकडे पाहिलं. कोपरापर्यंत चिखल, आणि सगळ्यांची नजर त्या फाईलवर. "पालकांच्या सहभागाचे गुण द्यायला मला एरवी फार विचारपूस करावी लागते," असं म्हणून त्यांनी पेन चालवलं. मग किटलीतला चहा पिऊन, चपला हातात घेऊन त्या ओढ्यापलीकडे गेल्या.

मी पास झाले. निवडही झाली. बाईंनी निरोपाच्या दिवशी कुलपाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. ती मी कमरेला खोचली आणि आरशात दोनदा बघून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीच्या दारात सासूबाई उभ्या. बोटाला त्यांच्या धाकट्या दिरांची नात, तिचा पहिलाच दिवस. मी नेहमीसारखी 'या' म्हणणार, तेवढ्यात त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बाई, ही आमची नात हाय," त्या म्हणाल्या. "रडली तर सांगावा धाडा. न्हाईतर तुमच्याजवळ ऱ्हाईल ती."

मी पोरीचा हात धरला. "राहील आजी, काळजी करू नका," मी बाईंच्या सुरात म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि त्या डेअरीकडे निघून गेल्या.