मधूच्या पिवळ्या पेट्या

माझ्या मित्राच्या, मधूच्या, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि असा भपकारा आला की भिंतीवरच्या पालीनेसुद्धा तोंड फिरवलं. आत जुने कॉम्प्युटर छतापर्यंत रचलेले. त्यांचं प्लास्टिक तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखं पिवळं. एक कीबोर्ड उलटा केला, तर दोन पिढ्यांचं फरसाण, केसांचा गुंता आणि एक झुरळ खाली पडलं. झुरळही कंटाळलेलं दिसलं.

"भावजी, तुम्हीच सांगा यांना," वहिनी नाकाला पदर लावून म्हणाल्या. "भंगारवाला खाली उभा आहे."

"आधी चपला बाहेर काढ!" मधू माझ्यावर ओरडला. शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचो, ते सोवळं त्याने अजून पाळलंय. या उकिरड्यात अनवाणी! तळव्याला काहीतरी चिकटलं. काय, ते मी विचारलं नाही.

मधूने एक पेटी चालू केली. ती पिठाच्या गिरणीसारखी घरघरली आणि चहा होऊन निवल्यावर कुठे काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकू लागली. बस्स. ना जाहिरात, ना कुणाचा निरोप. माझ्या खिशातला फोन मात्र सारखा किंचाळत होता. ही घाणेरडी पेटी मी काय म्हणतोय ते ऐकायला थांबली होती. इतकं निवांत माझ्यासाठी घरातही कुणी थांबत नाही.

"बोलावू ना त्याला वर?" वहिनींनी विचारलं.

"जरा थांबा वहिनी, एवढी ओळ होऊ दे," मी म्हणालो. एका हाताने नाक घट्ट दाबलं होतं आणि दुसऱ्याने त्या चिकट कीबोर्डवर टाइप करत होतो.