स्क्रीनवरचा शनिवार

आज ऑफिसात तारखांचा कोड तपासत होते. अक्षरांत लिहिलेली तारीख मशीनला तारीख म्हणून समजावी आणि तिचा वार परत अक्षरांत छापला जावा, एवढंच काम. सवयीनं माझीच जन्मतारीख घातली. स्क्रीनवर 'शनिवार' उमटला आणि मी थेट तिसगावच्या कॉम्प्युटर क्लासात पोचले.

माझा पहिला प्रोग्राम बघायला आई बाजारातून तशीच आली होती. पिशवीतल्या मेथीचा वास खोलीभर पसरला होता. मी ऐटीत हीच तारीख टाईप केली आणि शनिवार आला.

"व्हय, शनिवारच," आई हसली. "पोरगी झाली म्हनून तुझ्या आबांना रानात निरोप धाडला, तर बैल जुपलेलं कोळपं तसंच टाकून पळत आले. बैल शिरले शेजाऱ्याच्या बाजरीत! लई शिव्या खाल्ल्या, पन हसत हुते."

तेव्हा मला बैलांचंच हसू आलं होतं. वडील असूनही आबांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही, आणि आता तर ते हयातही नाहीत.

कोड बरोबर चालतोय. तरी मी पुन्हा तीच तारीख घालते. शनिवार येतो, आणि बांधावरून धोतर सावरत आबा पळत येतात.